पंचगंगेचे खोरे : पूर मोजतात राजाराम बंधाऱ्यावर, पण ठरतो प्रयागच्या वर

वळीव (धागाकर्ता)

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी एकच आकडा असतो, आणि तो म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. या आकड्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "राधानगरीचे दरवाजे उघडले का?" भोगावतीवरच्या राधानगरी धरणाविषयीचा हा दुसरा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पूर समजून घ्यायचा असेल तर धरणाच्या भिंतीपेक्षा धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटाकडे (ज्या प्रदेशातले पाणी धरणात न अडता नदीत येते त्याकडे) पाहावे लागते, आणि तो पाणलोट बहुतेकांनी नकाशावर कधी पाहिलेला नसतो. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट अशी की पंचगंगेला स्वतःचा उगम नाही. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली येथे कासारी आणि भोगावती यांचा संगम होतो, आणि तेथून पुढच्या प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. तुळशी आणि कुंभी या दोघी त्याआधीच भोगावतीत आलेल्या असतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे, अशी श्रद्धा आहे. प्रयागपासून नृसिंहवाडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर वाहून पंचगंगा कृष्णेला मिळते. म्हणजे या नावाची नदी जेथे सुरू होते, तेथे तिचे पाणी बहुतांशी गोळा होऊन गेलेले असते. राजाराम बंधारा प्रयागच्या खाली थोड्याच अंतरावर आहे. तेथे मोजली जाणारी पातळी म्हणजे चार नद्यांच्या बेरजेचे उत्तर होय. बेरजेतले आकडे मात्र वर, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा आणि राधानगरी या तालुक्यांत लिहिलेले असतात.

आता हद्द पाहू. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार हा मोठा जलविभाजक. गगनबावड्याला या धारेच्या पश्चिमेस पडलेले पाणी कडा उतरून वाघोटनमार्गे विजयदुर्गच्या खाडीत जाते, आणि हाकेच्या अंतरावर पूर्वेस पडलेले पाणी कुंभी, भोगावती, पंचगंगा आणि कृष्णा असा प्रवास करत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगरांच्या लांब सोंडा निघतात आणि दोन सोंडांमध्ये एकेक नदी वाहते. उत्तरेकडची सोंड म्हसाई पठार, पन्हाळा आणि जोतिबा यांची. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी कासारीला आणि उत्तर उतारावरचे वारणेला जाते. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ती वाट याच उंच भागातून जाते, आणि ज्या पावनखिंडीत बाजीप्रभू लढले त्याच परिसरात कासारीचा उगम आहे. दक्षिणेकडच्या सोंडेपलीकडे दूधगंगेचे खोरे लागते. काळम्मावाडीचे धरण दूधगंगेवर आहे. ते भरल्याने कोल्हापूर शहराच्या पुरात भर पडत नाही, कारण दूधगंगा वेदगंगेला घेऊन कर्नाटकात कृष्णेला मिळते. बातम्या मात्र राधानगरी आणि काळम्मावाडी ही दोन्ही धरणे एका दमात सांगतात.

या खोऱ्याचा आकार लक्षात घ्या. लांबट खोऱ्यात उपनद्या मुख्य नदीला एकामागून एक मिळतात आणि त्यांचे लोंढे थोडे पुढेमागे येतात. पंचगंगेचे वरचे खोरे हाताच्या पंजासारखे आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ही बोटे आहेत आणि प्रयाग हे मनगट. बोटांची लांबी फार कमीजास्त नसल्यामुळे चारही खोऱ्यांत एकाच रात्री जोराचा पाऊस झाला तर सगळ्यांचे पाणी जवळपास एकाच वेळी मनगटाशी येते. मनगटाला लागूनच शहर वसले आहे.

धरणांचा साठाही पाहू. राधानगरी ८.३६, तुळशी ३.४७, कासारी २.७७ आणि कुंभी २.७१ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे चारही मिळून साधारण सव्वासतरा टीएमसी. ही सर्व धरणे डोंगराच्या कुशीत, नद्यांच्या माथ्याशी आहेत. त्यांच्यामागे अडणारे पाणी हे बोटांच्या टोकांवरचे पाणी आहे. पेरांवर आणि तळव्यावर पडणारा पाऊस कोणतेही धरण अडवत नाही.

आता साधा हिशेब. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ कोटी घनमीटर पाणी होते, म्हणजे सुमारे ०.३५ टीएमसी. १,००० चौरस किलोमीटरवर तेवढाच पाऊस झाला तर साडेतीन टीएमसी, म्हणजे तुळशी धरण पूर्ण भरेल इतके पाणी. (हा खोऱ्याच्या क्षेत्रफळाचा आकडा नव्हे, हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेला आहे.) दुसऱ्या बाजूला राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले तरी प्रत्येकी १,४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट) या हिशेबाने सुमारे १०,००० क्युसेक पाणी येते, आणि ते चोवीस तास सुरू राहिले तर ०.८६ टीएमसी होते. पडलेला सगळा पाऊस नदीत येत नाही, हे खरे. पण आषाढात जमीन तुडुंब भिजलेली असताना त्यातला मोठा वाटा येतोच. त्या तुलनेत दरवाजांचे पाणी किती, हे प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावे.

करवीरकर

पंजाची उपमा पटली. एक शंका आहे. पाच नद्यांत जी दिसत नाही ती सरस्वती मोजली जाते, आणि जी डोळ्यांना दिसते, जिच्या काठी वर्षानुवर्षे लोक धरणाची वाट पाहत बसले, ती धामणी कोठे गेली? धामणी ही वाहती नदी आहे, तिच्यावर बंधारे आहेत, तिचे खोरे कुंभी आणि तुळशी यांच्या मध्ये आहे. तुमच्या धाग्यातही तिचे नाव नाही.

वळीव

आपला आक्षेप रास्त आहे आणि ती माझी चूक आहे. धामणी कुंभीला मिळते, म्हणून ती उपनदीची उपनदी ठरते आणि मोजणीतून गळते. परंतु पाण्याच्या हिशेबात असा भेद करता येत नाही. 'पाच' हा आकडा श्रद्धेचा आहे. पाणलोटाच्या दृष्टीने पाहिले तर वरून येणाऱ्या नद्या पाचच आहेत आणि त्यांतली पाचवी धामणी आहे. सरस्वतीची जागा धामणीला द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण प्रयागला बसलेल्यांपुढे ते बोलण्याची माझी हिंमत नाही.

बावडेकर

मी गगनबावड्याचा. वरच्या बाजूने चार शब्द लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात ढग जमिनीवर उतरतात आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. खाली शिरोळ तालुक्यात तो पाचशेच्या घरात येतो. एका जिल्ह्यात, एकाच नदीच्या दोन टोकांना दहापट फरक! त्यामुळे शहरात ऊन पडलेले असताना नदीचे पाणी वाढते, याचे पाहुण्यांना नवल वाटते, आम्हांला वाटत नाही.

जलविभाजक म्हणजे एखादी सुरीसारखी धार असेल, अशी अनेकांची कल्पना असते. पश्चिम बाजूने पाहिले तर ती खरी आहे, कारण करूळ आणि भुईबावडा घाटांच्या तोंडाशी जमीन एकदम तुटते. पूर्व बाजूला मात्र जांभ्याचे सडे (सपाट खडकाळ माळ) आहेत, उतार मंद आहे, आणि पाणी कोठून कोणत्या दिशेला वळते ते पायी चालल्याशिवाय कळत नाही. सड्यावर पाणी आधी मुरते, साचते, आणि मग कडेला लहान लहान ओहोळांनी बाहेर पडते. जांभ्याखालच्या काळ्या पाषाणाशी ते अडते आणि तेथे झरे फुटतात. दिवाळीनंतरही जे ओढे वाहतात ते या झऱ्यांवर. वरचा जांभा खोदून काढला, की खालचा झरा आटतो. हे आम्ही पाहिले आहे, आणि त्यासाठी कोणा तज्ज्ञाची साक्ष काढावी लागत नाही.

टोपोशीट

ज्यांना हे स्वतः नकाशावर काढून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. प्रयागच्या संगमावर बोट ठेवा आणि तेथून डोंगराकडे निघा. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) जेथे टोक काढून चढाच्या दिशेला वळतात तेथे ओढा असतो, आणि जेथे उताराच्या दिशेला वळतात तेथे सोंड असते. पेन्सिल एकाही निळ्या रेषेला न छेदता फक्त सोंडांवरून फिरवत आणली आणि ती पुन्हा प्रयागला पोचली, की आतला सगळा प्रदेश हा प्रयागचा पाणलोट. पेन्सिलीने एखादा ओढा ओलांडला, तर समजावे की चूक झाली.

मग ओढ्यांची श्रेणी लावा. ज्याला दुसरा कोणताही ओहोळ मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसरी. दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्याला पहिल्या श्रेणीचे दहा ओहोळ मिळाले तरी त्याची श्रेणी दुसरीच राहते. पहिल्यांदा हे करताना सर्वांना एकच धक्का बसतो : नकाशावरच्या निळ्या रेषांची एकूण लांबी मोजली तर तिचा मोठा भाग बिननावाच्या पहिल्या श्रेणीच्या ओहोळांचा निघतो. नावाच्या नद्या म्हणजे झाडाचे खोड आणि चार फांद्या. खरे झाड डहाळ्यांचे असते. बेसाल्टच्या एकसारख्या खडकावर प्रवाहांची मांडणीही झाडासारखीच होते.

करवीरकर

या बिननावाच्या ओहोळांवरून आठवले. शहरातला जयंती नाला हाही पंचगंगेला मिळणारा प्रवाहच आहे. कळंब्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरांकडून तो येतो. जुनी माणसे त्याला जयंती नदी म्हणत. आता आपण त्याला नाला म्हणतो आणि सांडपाण्याच्या बातमीपुरते त्याचे नाव घेतो. पुराच्या वेळी मात्र तो आपली मूळ ओळख दाखवतो : पंचगंगा चढली की तिचे पाणी या नाल्याच्या तोंडातून उलटे आत शिरते आणि नदीपासून दूर असलेल्या वस्त्यांत पोचते. मग लोक म्हणतात, "इथे नदी कुठे आहे?"

त्यातच आणखी एक गंमत आहे. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनने आता शहराला दूधगंगेचे पाणी मिळते, आणि वापरून झालेले पाणी पंचगंगेकडे जाते. निसर्गाने दोन खोऱ्यांच्या मध्ये जी सोंड ठेवली होती ती आपण नळाने ओलांडली.

शिरोळची माती

सर्व चर्चा प्रयागच्या वरची चालली आहे. खालच्यांचे कोणी ऐकणार आहे का? धागाकर्त्यांनी नृसिंहवाडीपर्यंतचा प्रवास एका वाक्यात संपवला. आमच्याकडे पूर येतो त्याहून तो जात नाही याचा त्रास अधिक आहे. शहरात पाणी चार दिवसांत उतरू लागते. आमच्या मळीच्या जमिनीत आठ-दहा दिवस ऊस पाण्यात उभा असतो, शेंड्यात पाणी गेले की तो कुजतो.

कारण उघड आहे. कृष्णा वाडीला पोचते तेव्हा तिने कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा पोटात घेतलेली असते. अशी कृष्णा भरून वाहत असताना पंचगंगेला संगमावर वाट मिळत नाही. मग पंचगंगा थांबते, फुगते आणि मागे सरकते. वाडीच्या दत्तमंदिरात आम्ही हे जवळून पाहतो. पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला दूरवरून लोक येतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी संगमावर पाणी किती चढले आहे, याचे ते जुने आणि खात्रीचे माप आहे. आता प्रश्न असा : खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचे काय?

वळीव

तुमचे म्हणणे मान्य करतो, आणि खालच्या टप्प्याबद्दल मी घाई केली हेही मान्य करतो. कोल्हापूरहून वाडी रस्त्याने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि नदी त्यासाठी ऐंशी किलोमीटर घेते, यावरूनच तिचा उतार किती कमी आणि वळणे किती अधिक, हे दिसते. डोंगरातून धावत आलेले पाणी प्रयागनंतर चालू लागते आणि इचलकरंजीच्या पुढे जवळजवळ बसते. अशा नदीला पूर आला की ती खोलीऐवजी रुंदी वाढवते, आणि ती रुंदी म्हणजे तुमची मळी. तुम्ही जिला नदीकाठची सुपीक जमीन म्हणता ती अशाच पुरांनी हजारो वर्षे गाळ आणून घातलेली आहे.

अलमट्टीबद्दल थोडक्यात. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीचा फुगवटा (धरणामागे तुंबून वर सरकणारे पाणी) हे त्या पुराचे मुख्य कारण मानले नाही. शिरोळमध्ये यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अलमट्टीपर्यंत जाण्याआधी संगमावरचा साधा प्रश्न सोडवावा लागतो : कोयना, वारणा आणि पंचगंगा या तिन्ही खोऱ्यांवर एकाच आठवड्यात ढग बसले, तर वाडीला तिघींचे पाणी एकत्र येणार, आणि कृष्णा भरलेली असल्यामुळे थांबावे पंचगंगेलाच लागणार. एकट्या कोयनेचा साठा १०५ टीएमसी आणि वारणेचा ३४ टीएमसी. या दोन्ही धरणांतून त्या वेळी किती पाणी सुटते, याकडे शिरोळने राधानगरीपेक्षा अधिक लक्ष ठेवावे, असे मला वाटते.

टोपोशीट

येथे धागाकर्त्यांशी माझा थोडा मतभेद आहे. राधानगरीच्या दरवाजांचे पाणी एकूण पाण्याच्या मानाने कमी असते, हे हिशेबाने बरोबर आहे. पण पुरात एकूण पाण्याइतकेच महत्त्व वेळेला असते. खालचा मोकळा पाणलोट शिगेला पोचला असतानाच धरण भरून दरवाजे आपोआप उघडले, तर ते दहा हजार क्युसेक शेवटच्या दोन फुटांचे पाणी ठरू शकते, आणि शहरातली घरे बुडतात ती बहुधा शेवटच्या दोन फुटांत. ते दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात, माणसाच्या निर्णयाने नव्हे. त्यामुळे जुलैच्या आरंभी धरणात किती जागा रिकामी ठेवायची, हाच खरा माणसाच्या हातातला निर्णय उरतो.

वळीव

हा मुद्दा मी निमूटपणे स्वीकारतो. 'पाणी किती' याच्या नादात 'पाणी केव्हा' हे मी मागे टाकले होते, आणि पंजाची उपमा मी स्वतःच दिलेली असताना तसे व्हायला नको होते.

बावडेकर

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. पावसाळ्यात रोज "पाण्याखाली गेलेले बंधारे" अशी यादी प्रसिद्ध होते. कोल्हापूर पद्धतीच्या या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढून घेतात, तरी पाणी वाढले की ते बुडतातच, आणि त्यांवरून जाणारे रस्ते बंद होतात. बहुतेक लोक ती यादी रस्ता बंद आहे का एवढ्यासाठी वाचतात. मी ती पाणलोटाचा नकाशा म्हणून वाचतो. कळे आणि वेतवडे बुडाले, तर कुंभी चढली आहे. बाजारभोगाव आणि यवलूज बुडाले, तर कासारी चढली आहे. बीडचे नाव आले, तर तुळशी, आणि हळदी, राशिवडे, कोगे यांची नावे आली, तर भोगावती. यादीत एकाच नदीचे बंधारे असतील तर शहराने निश्चिंत झोपावे. चारही नद्यांची नावे एकाच सकाळी आली, तर राजाराम बंधाऱ्याचा आकडा पाहत बसण्यात अर्थ नाही. तो आकडा संध्याकाळपर्यंत काय होणार, हे यादीनेच सांगितलेले असते.

करवीरकर

यादीत धामणीवरचे सुळे आणि पनोरे हेही धरा.

बावडेकर

धरले. सुळे बुडाले की पाठोपाठ कुंभीचे पाणी वाढते, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

वळीव

मूळ लेखात धामणीची दुरुस्ती आज रात्री करतो. टोपोशीट यांच्या पद्धतीने मी काल प्रयागपासून पेन्सिल फिरवायला घेतली. म्हसाई पठारापर्यंत ठीक गेली, विशाळगडाच्या अलीकडे एका ओढ्याला छेदून गेली. तो ओढा कडवीकडे जातो, म्हणजे वारणेचा निघाला. तेवढा भाग खोडून पुन्हा काढतो आहे.